शॉकमधल्या रुग्णाच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइड आणि फ्री रॅडिकल्स मोजताना

बायोकेमिस्ट्री किंवा मेडिसिनच्या सिनॉप्सिसांच्या (थिसिसच्या आराखड्यांच्या) गठ्ठ्यात एक विषय हमखास असतो: 'शॉकच्या रुग्णांत नायट्रिक ऑक्साइड व मुक्त मूलकांचे प्रमाण'. शॉक म्हणजे रक्ताभिसरण कोलमडून अवयवांना रक्त अपुरं पडणं, आणि मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले, झपाट्याने क्रिया करणारे रेणू. विषय चांगला आहे, खर्च बेताचा आहे आणि साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम भागतं. तरीही यातले बरेच थिसिस कपाटात जातात आणि तिथेच राहतात. त्याचं कारण रसायनशास्त्रात सापडत नाही. रक्त कसं काढलं, कधी काढलं, रुग्णाने काय खाल्लं होतं, त्याची किडनी चालू होती का, या प्रश्नांची उत्तरं मुळात कुणी टिपूनच ठेवलेली नसतात. म्हणून या लेखात मशीनवरच्या कामापेक्षा त्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

आपण नेमकं काय मोजतो

नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी तो एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून अगदी थोड्या प्रमाणात सतत तयार करत असतात, आणि त्यामुळे वाहिनी सैल राहते. हा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं. (गंमत अशी की खुद्द आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात छातीदुखीसाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच सांगितलं होतं. तेही शरीरात याच वायूमार्फत काम करतं.)

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गातून आलेल्या शॉकमध्ये, चित्र पालटतं. जंतूंचं विष आणि दाहाची रसायनं यांच्या चेतावणीने पांढऱ्या पेशींत, वाहिन्यांच्या स्नायूंत, यकृतात आयनॉस नावाचं एन्झाइम तयार होऊ लागतं. त्याला काही तास लागतात, पण एकदा सुरू झालं की ते कॅल्शियमच्या इशाऱ्याची वाट पाहत नाही, वायू ओततच राहतं. वाहिन्या सैल पडतात, बीपी घसरतं, आणि नॉरअ‍ॅडचा (वाहिन्या आवळणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा) ड्रिप वाढवत नेला तरी बीपी हवं तसं चढत नाही.

त्याच वेळी न्यूट्रोफिल, बिघडलेली मायटोकाँड्रिया आणि रक्तपुरवठा परत सुरू झालेल्या ऊती सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक सोडतात. नायट्रिक ऑक्साइड आणि सुपरऑक्साइड समोरासमोर आले की इतक्या झपाट्याने जुळतात की सुपरऑक्साइड निकामी करणाऱ्या डिसम्युटेज एन्झाइमलाही मध्ये पडायला उसंत मिळत नाही. त्यातून पेरॉक्सीनायट्राइट बनतं. पेशीची खरी नासधूस बरीचशी हेच करतं.

आता अडचण बघा. रक्तात नायट्रिक ऑक्साइड सेकंदभरही नीट टिकत नाही. लाल पेशीतलं ऑक्सिहिमोग्लोबिन त्याचं नायट्रेट करून टाकतं. सुपरऑक्साइडचीही तीच गत. मुक्त मूलकं थेट पकडायची तर इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्सचं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. म्हणून आपण राख मोजतो: वायूची राख म्हणजे नायट्राइट आणि नायट्रेट, मूलकांनी चरबी जाळल्याची राख म्हणजे एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड). राखेवरून आगीचा अंदाज बांधता येतो, पण त्यासाठी त्या चुलीत दुसऱ्या कुणी काही जाळलं नव्हतं ना, हे माहीत असावं लागतं.

रुग्ण निवडताना 'शॉक' हा एक शब्द पुरेसा नाही

सगळे शॉक एका गटात टाकले की अभ्यास तिथेच संपला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून कोकणातल्या कितीतरी मुलांचे जीव वाचवले, हे आपल्याला माहीत आहे. तिथे विषामुळे अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, वाहिन्या आवळतात, हृदय थकतं, आणि वाहिन्या सैल करणारं औषध उपयोगी पडतं. सेप्टिक शॉकमध्ये नेमकं उलटं, वाहिन्या आधीच सैल पडलेल्या. दोघांच्याही केसपेपरवर शब्द 'शॉक' हाच.

अपघातातल्या रक्तस्रावाचंही तसंच. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या) रुग्णांत नायट्राइट-नायट्रेट वाढलेलं दिसलं, पण जबर मार लागलेल्या रुग्णांत ते वाढलेलं नव्हतं, उलट कमीच होतं. दोन्ही प्रकार एकत्र करून सरासरी काढली तर एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीत विरून जाईल.

तेव्हा एकच प्रकार घ्या. सेप्टिक शॉक घेतलात तर २०१६ सालची व्याख्या वापरा: पुरेसं सलाईन देऊनही सरासरी बीपी ६५ किंवा त्याहून वर ठेवायला वाहिन्या आवळणारं औषध लागतं आणि लॅक्टेट लिटरमागे २ मिलिमोलच्या वर आहे. सरासरी बीपी मॉनिटरवर दिसत नसेल तर खालच्या आकड्यात, वरच्या आणि खालच्या आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवा. ९० बाय ४५ असेल तर ६०.

तुलनेसाठी फक्त निरोगी माणसं घेऊ नका. इंटर्न आणि वॉर्डबॉय यांचं रक्त सहज मिळतं, म्हणून सगळे तेच घेतात. पण सेप्सिस आहे आणि शॉक नाही, अशा रुग्णांचा दुसरा गट घेतला तरच वाढ शॉकमुळे की जंतुसंसर्गामुळे, हे कळेल. संमतीचा कागदही आधीच नीट करून घ्या. रुग्ण शुद्धीवर नसतो, म्हणजे जवळच्या नातेवाइकाची सही, आणि तीही समजावून सांगून. आयसीयूच्या दारात घाबरून उभ्या असलेल्या माणसापुढे पेन धरून 'इथे करा' म्हणणं म्हणजे संमती नव्हे.

खाटेजवळ टिपून घ्यायच्या गोष्टी

नायट्रेटची राख दुसऱ्या चुलींतूनही येते. पालक, मुळा, बीट, माठ यांत ते भरपूर असतं. रात्री पालकाची भाजी खाल्लेल्या निरोगी माणसाचं नायट्रेट सकाळी शॉकवाल्याच्या बरोबरीने दिसू शकतं. म्हणून तुलनेच्या गटाला आदल्या दिवशी पालेभाजी आणि बीट टाळायला सांगा आणि रक्त उपाशीपोटी घ्या. रुग्ण राईल्स ट्यूबवर (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीवर) असेल तर फीडमध्ये काय गेलं ते लिहा.

पाणीही विचारा. शेतीच्या भागातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात खतांमुळे नायट्रेट चढतं, विदर्भातल्या अनेक गावांत तर पुष्कळच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. रुग्ण खेड्यातला आणि तुलनेचा गट शहरातल्या नळावरचा, असं झालं की निम्मा फरक पाण्याचाच असू शकतो.

तिसरी गोष्ट किडनी, आणि मला विचाराल तर सगळ्यांत मोठी. नायट्रेट मुख्यतः लघवीवाटे जातं. किडनी चांगली असेल तर ते पाच ते आठ तासांत निम्मं होतं. शॉकमध्ये लघवी आटते, म्हणजे तयार होणं वाढलं नाही तरी रक्तात साठत जातं. प्रत्येक नमुन्याबरोबर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) केलंच पाहिजे आणि डायलिसिस झालं असेल तर वेळ लिहिली पाहिजे. क्रिएटिनिनचा रकाना नसलेला थिसिस माझ्याकडे आला तर मी पुढचं पान उलटत नाही.

औषधांत नायट्रोग्लिसरीनचा ड्रिप, नायट्रोप्रुसाइड, आयसोसॉर्बाइडच्या गोळ्या पाहा. मिथिलीन ब्ल्यू दिलं असेल तर नमुना त्याआधीचा हवा, कारण त्याचा रंगच मोजणीत येतो. सलाईन किती गेलं तेही टिपा. किलोमागे ३० मिलि धरलं तर ५० किलोच्या माणसाला दीड लिटर होतं. तेवढ्याने रक्त पातळ होतं आणि सगळेच आकडे खाली येतात. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) लिहून ठेवलं की नंतर त्याचा हिशेब लावता येतो.

रक्त काढणं

दोन ट्यूब लागतात. नायट्रेटसाठी लाल झाकणाची साधी ट्यूब. हिपॅरिनच्या प्लाझ्मात आम्लाचं द्रावण घातलं की कधीकधी गढूळपणा येतो, म्हणून सीरम बरं. एमडीएसाठी मात्र सीरम नको. रक्त गोठताना प्लेटलेट स्वतःच एमडीए तयार करतात, तेव्हा तिथे जांभळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची ट्यूब. लॅक्टेटसाठी राखाडी झाकणाची ट्यूब वॉर्ड पाठवतोच.

ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त घेऊ नका. सिरिंजने घेतलं तर सुई काढून, ट्यूबच्या भिंतीवरून हळू सोडा. सुईतूनच दाबून सोडलं की लाल पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसतं, आणि ऑक्सिहिमोग्लोबिन नेमकं ५४१ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. आपण वाचणार ५४० वर. म्हणजे गुलाबी सीरममध्ये तुम्ही नायट्रेट म्हणून चक्क हिमोग्लोबिन वाचाल. असा नमुना टाकून द्या, मन घट्ट करा.

साधी ट्यूब अर्धा तास उभी ठेवा, मग सेंट्रिफ्यूज. ईडीटीएची ट्यूब बर्फात ठेवून लगेच फिरवा. एका वेळेपुरते छोटे छोटे भाग करून गोठवा, कारण एकच नमुना पुनःपुन्हा वितळवला की एमडीए बदलतं. नायट्रेट उणे २० वर काही आठवडे चांगलं राहतं. एमडीए उणे ८० वर ठेवा, आणि तशी सोय नसेल तर त्याच दिवशी करून मोकळे व्हा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज वापरू नका. बर्फ जमू नये म्हणून तो स्वतःच मधूनमधून गरम होतो.

एका रुग्णाचं एकच रक्त घेऊ नका. दाखल होताना, २४ तासांनी आणि ७२ तासांनी, असे तीन तरी हवेत.

नायट्राइट-नायट्रेट: ग्रीस पद्धत

पीटर ग्रीस यांची १८७९ सालची ही रंगक्रिया अजून चालते, यातच तिचं मोठेपण आलं. नायट्राइट सल्फॅनिलमाइडला भेटलं की डायझोनियम बनतं, ते एनईडी या दुसऱ्या रसायनाशी जुळून जांभळट गुलाबी रंग देतं. पण रक्तातली राख बहुतेक नायट्रेट असते. निरोगी माणसात नायट्रेट साधारण २० ते ५० मायक्रोमोल, तर नायट्राइट एक मायक्रोमोलच्याही खाली. म्हणून आधी नायट्रेटचं नायट्राइट करून घ्यावं लागतं. त्यासाठी वापरतात त्यांतलं कॅडमियम विषारी, एन्झाइम महाग. मी व्हॅनेडियम ट्रायक्लोराइड वापरते.

सुरुवात रुग्णाच्या नमुन्याने करायची नाही, डिस्टिल्ड वॉटरने करायची. नुसत्या पाण्यावर पूर्ण पद्धत चालवा. रंग आला तर पाणी किंवा भांडी खराब आहेत. माझ्या पहिल्या विद्यार्थिनीचे तीन आठवडे असेच गेले. ब्लँकच (नुसत्या पाण्याचा नमुना) गुलाबी येत होता. आम्ही रसायनं बदलली, क्युवेट बदलले, एकमेकींवर चिडून झालं. शेवटी कळलं की काचसामान धुणारे मामा जुन्या शिस्तीप्रमाणे सगळं नायट्रिक आम्लात बुडवून ठेवत होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून या कामाची भांडी वेगळी आणि धुणं हायड्रोक्लोरिक आम्लाने. रिकाम्या ट्यूबमध्येही पाणी भरून तपासा, काही कंपन्यांच्या ट्यूबमधून आणि गाळण्यांमधून नायट्रेट उतरतं.

द्रावणं अशी करा. सल्फॅनिलमाइड २ ग्रॅम, ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात १०० मिलि. एनईडी ०.१ ग्रॅम, पाण्यात १०० मिलि, तपकिरी बाटलीत. व्हॅनेडियम ट्रायक्लोराइड ४०० मिलिग्रॅम, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ५० मिलि, गाळून, अंधारात, फ्रीजमध्ये. निळं द्रावण दोन आठवड्यांच्या आत वापरा, रंग पालटला की फेका. ही पावडर फ्यूम हुडमध्येच उघडा. हवेतली ओल लागली की आम्लाची वाफ सोडते.

स्टँडर्डसाठी सोडियम नायट्राइट ६९ मिलिग्रॅम १०० मिलि पाण्यात, म्हणजे १० मिलिमोलर. त्यातलं १ मिलि पुन्हा १०० मिलि केलं की १०० मायक्रोमोलर. त्यापासून ०, ५, १०, २०, ४०, ६० बनवा. सोबत सोडियम नायट्रेटचंही (८५ मिलिग्रॅम १०० मिलित) त्याच क्रमाने एक स्टँडर्ड लावा. दोन्हींच्या रेषा जवळजवळ एकावर एक बसल्या पाहिजेत. नायट्रेटची रेषा खाली पडली तर व्हॅनेडियम थकलं आहे किंवा वेळ कमी पडला आहे. ही तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग सीरममधलं प्रोटीन काढा: १ मिलि सीरमला ३० टक्के झिंक सल्फेटचे ५० मायक्रोलिटर, हलवा, जोरात फिरवा, वरचं स्वच्छ पाणी घ्या. क्युवेटमध्ये हे ०.५ मिलि, व्हॅनेडियम ०.५ मिलि, आणि लगोलग सल्फॅनिलमाइड ०.२५ आणि एनईडी ०.२५. ३७ अंशांवर ३० ते ४५ मिनिटं. ५४० नॅनोमीटरवर वाचा. प्रत्येक नमुन्याचा एक जोडीदार एनईडीऐवजी पाणी घालून लावा. सेप्सिसचे रुग्ण बरेचदा पिवळे असतात, आणि बिलिरुबिनचा रंग असाच वजा होतो.

समजा तुमच्या ग्राफचा उतार एका मायक्रोमोलला ०.०१६ आहे. नमुना ०.८४, जोडीदार ०.०४. उरले ०.८०, भागिले ०.०१६, म्हणजे ५०. झिंक सल्फेटमुळे नमुना किंचित पातळ झाला म्हणून गुणिले १.०५. उत्तर ५२.५ मायक्रोमोल. स्टँडर्डही झिंकमधून काढले असतील तर १.०५ ने गुणू नका, ते आपोआप जुळतं. वाचन ग्राफच्या शेवटच्या बिंदूच्या वर गेलं तर रेषा लांबवू नका, नमुना पातळ करून पुन्हा लावा.

एमडीए

हे त्या मानाने सोपं आहे, पण कच्चंही आहे. १५ टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, ०.३७५ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल आणि ०.२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं एकच द्रावण करा, जरासं कोमट केलं की विरघळतं. त्यात ०.०१ टक्के होईल इतकं बीएचटी (चरबीचं जळणं रोखणारं रसायन), अल्कोहोलमध्ये विरघळवून. ते नसेल तर उकळतानाच चरबी नव्याने जळते आणि तुम्ही वॉटरबाथने केलेलं नुकसान रुग्णाच्या नावावर लिहिता. १ मिलि प्लाझ्मा, २ मिलि द्रावण, उकळत्या पाण्यात १५ मिनिटं, थंड करा, फिरवा, वरचा गुलाबी भाग ५३५ वर वाचा. ०.१३ आलं तर ०.१५६ ने भागा आणि (१ मिलिचे ३ मिलि झाले म्हणून) तिप्पट करा: २.५ मायक्रोमोल.

थायोबार्बिट्युरिक आम्ल (टीबीए) एमडीएखेरीज इतरांशीही रंग देतं, साखर आणि बिलिरुबिन त्यांतच. म्हणून निकालात 'टीबीएला प्रतिसाद देणारे पदार्थ' असं लिहिणं प्रामाणिकपणाचं.

बरेच गाईड सोबत 'एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता' म्हणून फ्रॅप ही चाचणी करायला सांगतात. करा, पण युरिक आम्ल मोजल्याशिवाय नको. फ्रॅपच्या आकड्यातला अर्ध्याहून जास्त वाटा एकट्या युरिक आम्लाचा असतो, आणि किडनी बंद पडली की ते वाढतं. मग रुग्ण जितका अत्यवस्थ, तितकं त्याचं अँटिऑक्सिडंट 'उत्तम', असा अजब निष्कर्ष निघतो. असा एक प्रबंध मी वाचला आहे, चर्चेच्या प्रकरणात 'शरीराचा संरक्षक प्रतिसाद' असा गौरवही होता.

आकडे आले, मग औषध?

व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) हा प्रश्न येतोच: नायट्रिक ऑक्साइड वाढलंय, तर ते बंद का करू नये? करून पाहिलं आहे. एल-एनएमएमए हे औषध ते बनवणारी सगळी एन्झाइमं अडवतं. सेप्टिक शॉकच्या ७९७ रुग्णांवरच्या चाचणीत बीपी खरोखर वाढलं, पण २८ दिवसांत औषधाच्या गटात ५९ टक्के आणि तुलनेच्या गटात ४९ टक्के दगावले. चाचणी आधीच थांबवावी लागली, निकाल २००४ साली छापून आला. औषधाने आयनॉसबरोबर अस्तरातलं रोजचं, गरजेचं उत्पादनही बंद केलं होतं. वाहिन्या आवळल्या, पण हृदयाने बाहेर टाकलेलं रक्त कमी झालं.

मूलकांच्या बाजूने क जीवनसत्त्वाचं तेच झालं. मोठ्या डोसचा खूप गाजावाजा झाला. २०२२ सालच्या मोठ्या चाचणीत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण क जीवनसत्त्वाच्या गटात ४४.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३८.५ टक्के निघालं. शिवाय मोठ्या डोसनंतर बोटावरचा ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवू शकतो, हे नर्सिंग स्टाफला सांगून ठेवा.

मिथिलीन ब्ल्यू नायट्रिक ऑक्साइडचा मार्ग पुढच्या टप्प्यावर, ग्वानिलेट सायक्लेज या एन्झाइमवर अडवतं आणि बीपी चढवतं. पण जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसात रक्तपेशी फुटतात, आणि पल्स ऑक्सिमीटर एकदम खाली आकडा दाखवून सगळ्यांची धावपळ उडवतो. तो निर्णय आयसीयूच्या डॉक्टरांचा, तुमच्या ग्राफवरून घ्यायचा नाही.

लिहिताना

निकालाच्या तक्त्यावर 'सीरम नायट्रिक ऑक्साइड' असं शीर्षक देऊ नका. ते तुम्ही मोजलेलंच नाही. 'सीरममधले एकूण नायट्राइट व नायट्रेट, मायक्रोमोल प्रति लिटर' असं लिहा. नायट्राइट वेगळं काढून दाखवू नका, या पद्धतीला ते दिसण्याइतकं रक्तात नसतंच. प्रत्येक आकड्याशेजारी क्रिएटिनिन, हिमॅटोक्रिट आणि त्या वेळचा नॉरअ‍ॅडचा डोस छापा. क्रिएटिनिन नॉर्मल असलेल्या रुग्णांचा छोटा तक्ता वेगळा करा. परीक्षक अनुभवी असेल तर तो आधी तोच तक्ता उघडेल. फेकून दिलेल्या गुलाबी नमुन्यांची संख्याही लिहा, आणि उरलेलं व्हॅनेडियम सिंकमध्ये न ओतता त्याच्या वेगळ्या कॅनमध्ये जाऊ द्या.